लांब पल्ल्याची घोडेस्वारी : मुलांची सुरुवात

लांब पल्ल्याची घोडेस्वारी (एन्ड्युरन्स) म्हणजे मोकळ्या वाटेवर, आखलेल्या मार्गाने, घोडा शेवटपर्यंत धडधाकट राखून मारलेली काही तासांची किंवा दिवसभराची मजल. स्पर्धा म्हणून तिचे आधुनिक रूप कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप या १०० मैलांच्या (सुमारे १६० किमी) स्वारीपासून, म्हणजे १९५५ पासून धरतात. मुलांना या प्रकारात आणताना किलोमीटरचा विचार सगळ्यांत शेवटी करावा. रिंगणात तासभर छान बसणारे मूल रानवाटेवर दुसऱ्या तासाला थकते : खांदे पडतात, टाचा वर येतात आणि तोल सावरण्यासाठी लगाम ओढला जाऊ लागतो. सुरुवातीची सारी आखणी ही वेळ टाळण्यासाठी असते.

मूल तयार आहे की नाही, हे नुसत्या वयावरून ठरत नाही. त्याला घोडा थांबवता आला पाहिजे. दुडकीच्या (घोड्याच्या हलक्या धावेच्या) तालावर उठत-बसत, लगामाला न लोंबकळता, सलग दहा मिनिटे टिकता आले पाहिजे. शिवाय घोडा इतर घोड्यांपासून वळवून एकटा दूर नेता आला पाहिजे. ही शेवटची परीक्षा बऱ्याचदा राहून जाते. रिंगणात घोडे एकामागे एक चालतात, त्यामुळे मूल घोडा हाकते आहे असे भासते. प्रत्यक्षात घोडा पुढच्याच्या शेपटीमागे चाललेला असतो. बाहेर वाट फुटली की फरक कळतो.

घोडा वयाने पोक्त, वाटा पाहिलेला आणि मागे पडला तरी न बिथरणारा हवा. मूल लहान म्हणून तट्टूही लहानच घ्यावे, हा हिशेब फसवा आहे. लहान तट्टूची पावले तोकडी असतात. मोठ्या घोड्याच्या साध्या चालीबरोबर राहायलाही त्याला सारखे दुडकावे लागते आणि मूल खोगिरावर आपटत राहते. म्हणून सोबतच्या मोठ्या माणसाने आपला घोडा तट्टूच्या चालीशी जुळणारा निवडावा.

साहित्यात सर्वाधिक धोका रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवण्याच्या कडीचा. ती बुटाच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर मोठी असावी. अरुंद असेल तर पाय अडकतो. मोठ्यांची रिकीब मुलाला दिली तर पूर्ण पाऊल आरपार जाते आणि पडल्यावर मूल फरफटत जाऊ शकते. पुढून पिंजऱ्यासारखी झाकलेली रिकीब आणि टाच असलेले बूट हे दोन्ही पाऊल आत घुसू देत नाहीत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावे, डोके हलवल्यावर हलू नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून शाबूत दिसले तरी बदलावे. मुलाला खोगिराला कधीही बांधू नये आणि दोर किंवा लगाम त्याच्या हाताला गुंडाळू देऊ नये. मोठ्या माणसाने मुलाला आपल्या पुढ्यात बसवून लांब जाणेही टाळावे : घोडा अडखळला तर माणसाचा भार मुलावर येतो.

तंगाकडे, म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळणाऱ्या पट्ट्याकडे, खास लक्ष हवे. खोगीर कसताना काही घोडे छाती फुगवतात, मग पंधरा मिनिटांत तंग सैल पडतो. मूल हलके असल्याने खोगीर सरकत असल्याचे लवकर जाणवत नाही. मूल एका बाजूला झुकले की खोगीरच फिरते. म्हणून निघाल्यावर पाव तासाने थांबून तंग पुन्हा आवळावा.

पहिल्या काही फेऱ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आणि साध्या चालीच्याच असाव्यात. त्या सहज जमल्या की दर आठ-पंधरा दिवसांनी पंधरा मिनिटे वाढवावी. दर पाऊण तासाने उतरून पाच-दहा मिनिटे घोडा हाताने धरून चालवल्यास मुलाचे गुडघे मोकळे होतात आणि घोड्याची पाठही. एक मोठा माणूस पुढे, एक मागे, मूल मध्ये. दोन घोड्यांत किमान एका घोड्याच्या लांबीचे अंतर. शेपटीला लाल फीत असलेला घोडा लाथ मारणारा समजून त्याच्यापासून आणखी दूर राहावे. तहान लागली नाही असे मूल म्हणाले तरी प्रत्येक थांब्यावर पाणी प्यायला लावावे. बडबडे मूल गप्प झाले, की पल्ला तिथेच आवरावा.

घोड्याची नाडी मोजणे मुलांना फार आवडते, आणि ते लवकर शिकवावे. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. प्रत्येक ठोक्याचे ‘लब्-डब्’ असे दोन आवाज येतात. मुले ते वेगवेगळे मोजतात आणि आकडा दुप्पट निघतो. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. अनेक स्पर्धांत थांब्यावर ती ठरलेल्या वेळेत ६४ किंवा खाली यावी लागते.

स्पर्धेत पहिले पाऊल २५ मैलांच्या (सुमारे ४० किमी) छोट्या गटात टाकता येते. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स या अमेरिकेतील संघटनेच्या नियमानुसार साधारणपणे १६ वर्षांखालील स्वारासोबत किमान २१ वर्षांचा प्रौढ स्वार पूर्ण मार्गभर असावा लागतो. त्या प्रौढाचा घोडा वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीत बाद झाला, तर दुसरा प्रौढ साथी मिळाल्याशिवाय मुलाला पुढे जाता येत नाही. त्यामुळे निघतानाच दोन मोठे स्वार सोबत ठेवावेत.