ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस

रक्तातील ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाची घडी मोडून त्याचे न विरघळणारे तंतू (अमायलॉइड) चेतातंतूंत, हृदयात व इतर ऊतींत साचल्याने होणारा विकार. उत्तर पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील कुटुंबांत आढळणाऱ्या आनुवंशिक प्रकाराचे वर्णन पोर्तुगीज चेतातज्ज्ञ कोरिनो द आंद्राद यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले.

हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते आणि थायरॉक्सिन हे थायरॉइडचे संप्रेरक व ‘अ’ जीवनसत्त्व वाहून नेते. १२७ ॲमिनो आम्लांच्या चार सारख्या साखळ्या एकत्र येऊन एक रेणू बनतो. मधल्या पोकळीत थायरॉक्सिनसाठी दोन जागा असतात. रक्तातले बहुतेक थायरॉक्सिन दुसरेच प्रथिन वाहत असल्याने या जागा जवळजवळ रिकाम्या राहतात. पुढे औषधाला त्यांचाच उपयोग झाला.

चौकडी शाबूत असेपर्यंत तंतू बनत नाहीत. ती फुटून साखळ्या सुट्या होतात, सुटी साखळी अर्धवट उलगडते आणि अशा साखळ्या एकमेकींना चिकटत जातात. यातली सर्वांत संथ पायरी चौकडी फुटण्याची. रोगाचा वेग तिच्यावर ठरतो. साखळीतील ३० व्या जागी व्हॅलिन या ॲमिनो आम्लाऐवजी मिथिओनिन आले की रेणू कमकुवत होतो. मात्र अशा व्यक्तीच्या दुसऱ्या जनुकप्रतीत ११९ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मिथिओनिन असेल, तर मिश्र चौकडी फार सावकाश फुटते व रोग सौम्य राहतो किंवा होतच नाही. चौकडी फुटण्यावरच रोग ठरतो, याचा याहून बोलका पुरावा नाही. तरी जनुक म्हणजे सर्वस्व नव्हे: ३० व्या जागेचा तोच बदल पोर्तुगालमध्ये बहुधा तिशीत, तर स्वीडनमध्ये पन्नाशीनंतर लक्षणे दाखवतो. उतारवयात, विशेषतः पुरुषांत, कोणताही जनुकीय बदल नसतानाही हे तंतू हृदयात साचतात.

पायांना मुंग्या, उभे राहताच रक्तदाब उतरणे, जुलाब-बद्धकोष्ठ आलटून पालटून, धाप ही लक्षणे. दोन्ही मनगटांतील कार्पल टनेलचा त्रास (चेतातंतू दबून हाताला येणाऱ्या मुंग्या) हृदयविकाराच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतो. इकोत हृदयाची भिंत जाड, पण ईसीजीतील लाटा त्या मानाने लहान, ही विसंगती दिसली की शंका घ्यावी. टेक्नेशियम-पायरोफॉस्फेट हे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या स्कॅनमध्ये हृदय उजळते. पण रक्त व लघवी तपासून प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्यांचा अमायलॉइडोसिस (त्यात तंतू प्रतिपिंडांच्या तुकड्यांचे असतात) आधी वगळावा लागतो. त्यातही स्कॅन उजळू शकतो, उपचार मात्र केमोथेरपीचा असतो आणि उशीर जिवावर बेततो. ऊतीच्या तुकड्यात काँगो रेड या रंगद्रव्याने रंगलेले तंतू ध्रुवित प्रकाशात हिरवे चमकतात. तेवढ्याने अमायलॉइड सिद्ध होते, प्रथिन कोणते ते नाही.

प्रथिनाचा मुख्य स्रोतच बदलावा म्हणून १९९० पासून आनुवंशिक प्रकारात यकृतप्रत्यारोपण होऊ लागले. दृष्टिपटल व मेंदूतील कोरॉइड जालिका हे प्रथिन स्वतंत्रपणे बनवत असल्याने त्यानंतरही डोळ्यांत व मेंदूच्या आवरणांत तंतू साचू शकतात. टॅफामिडिस हे औषध थायरॉक्सिनच्या रिकाम्या जागांत बसून चौकडी बांधून ठेवते. हृदयविकारात मात्रा रोज ६१ मिलिग्रॅम. २०१८ च्या चाचणीत ३० महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत ४२.९, तर मिळालेल्यांत २९.५ टक्के होते. आधीचा साठा मात्र ते काढत नाही, म्हणून निदान लवकर हवे. पॅटिसिरानसारखी औषधे यकृतातील निर्मितीच रोखतात. वाहक घटल्याने रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा आकडाही घसरतो. पूरक मात्रा रोजच्या गरजेइतकीच द्यावी, आकडा वर आणण्यासाठी ती वाढवत नेऊ नये. रातांधळेपणा जाणवल्यास मात्र नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.