तुर्कस्तान : एका लग्नाचे दोन निकाह

तुर्कस्तानातल्या कुठल्याही शहरात नगरपालिकेच्या लग्नाच्या हॉलमध्ये डोकावलं तर चित्र साधारण एकच दिसतं. झगा चढवलेला सरकारी अधिकारी, शेजारी नवरा-नवरी आणि साक्षीदार. अधिकारी विचारतो, दोघं 'एवेत' म्हणजे 'हो' म्हणतात, सह्या होतात आणि टेबलाखाली झटापट सुरू होते. ज्याचा पाय आधी दुसऱ्याच्या पायावर पडेल, त्याचं घरात चालणार! मग कुटुंबाचं लाल पुस्तक नवरीच्या हाती येतं आणि ती ते उंचावून पाहुण्यांना दाखवते. हा झाला 'सरकारी निकाह'. पुष्कळ घरांत त्याच्या आगेमागे 'इमाम निकाह' म्हणजे इमामानं लावलेला धार्मिक निकाहही होतो.

हे दोन निकाह वेगळे झाले १९२६ मध्ये. त्याआधी ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्याच्या राज्यकर्त्यांनी व्यापाराचे, फौजदारीचे कायदे नव्यानं लिहून काढले होते. १८६९ पासून 'मेजेल्ले' ही दिवाणी संहिताही टप्प्याटप्प्यानं आली, पण लग्न-घटस्फोटाला तिनं हात लावला नाही. १९१७ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत सरकारनं कुटुंबाविषयी एक फर्मान काढलं, तेही दोन वर्षांत रद्द झालं.

त्या काळचं तुर्की घर म्हटलं की जनानखाना आणि चार बायका डोळ्यांपुढे येतात. हे चित्र बरंचसं युरोपीय प्रवाशांनी रंगवलेलं. अ‍ॅलन डुबेन आणि जेम बेहार या अभ्यासकांनी इस्तंबूलच्या १८८५ आणि १९०७ च्या जनगणनेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकापेक्षा जास्त बायका असलेले नवरे जेमतेम दोन टक्के निघाले. घरंही लहानच होती. तेव्हा 'एकत्र कुटुंब होतं, आधुनिकतेनं ते मोडलं' ही गोष्ट निदान इस्तंबूलपुरती तरी खरी नाही. पुढे १९६८ च्या देशव्यापी पाहणीतही निम्म्याहून जास्त कुटुंबं विभक्तच आढळली.

प्रजासत्ताक आलं १९२३ मध्ये. त्याचे संस्थापक मुस्तफा कमाल (पुढे अतातुर्क) यांनी त्याच वर्षी लतिफे हानिम यांच्याशी लग्न केलं आणि ऑगस्ट १९२५ मध्ये घटस्फोट घेतला, तोही जुन्याच, धार्मिक पद्धतीनं. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच, १७ फेब्रुवारी १९२६ रोजी, संसदेनं स्वित्झर्लंडची दिवाणी संहिता थोड्या फेरफारांनी उचलून मंजूर केली. कायदामंत्री महमुत एसात स्वतः स्वित्झर्लंडमध्ये कायदा शिकलेले. बहुपत्नीत्व बंद झालं, घटस्फोट कोर्टात गेला, मुलीला मुलाइतका वारसा मिळाला आणि सरकारी नोंदणीशिवाय लग्न कायद्याच्या लेखी लग्नच उरलं नाही.

मात्र त्या स्विस कायद्यात नवरा हा कुटुंबप्रमुख होता, तो तुर्की कायद्यातही तसाच उतरला. बायकोला नोकरी करायची तर नवऱ्याची परवानगी लागे. गंमत म्हणजे तुर्की बायकांना संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळाला १९३४ मध्ये. स्विस बायकांना देशपातळीवर तो मिळायला १९७१ उजाडलं.

खेड्यांत नोंदणी कचेरी लांब आणि इमाम गावातच. लोक इमामाकडून निकाह लावून संसार थाटत, मुलं होत आणि कायद्याच्या दृष्टीनं ती अनौरस ठरत. शेवटी १९३३ पासून सरकारला पुन्हा पुन्हा खास कायदे करून अशा मुलांना औरस ठरवावं लागलं. मला तर १९२६ च्या कायद्यापेक्षा या दुरुस्त्यांतून तुर्की समाज जास्त कळतो.

१९५० नंतर गावं शहरांकडे निघाली. इस्तंबूल-अंकाराच्या कडेला 'गेजेकोंदू' म्हणजे 'रातोरात उभ्या राहिलेल्या' वस्त्या पसरल्या. पश्चिम जर्मनीशी झालेल्या १९६१ च्या कामगार करारानंतर लाखो माणसं तिकडे कामाला गेली. नाती तुटतील असं अभ्यासकांना वाटत होतं. मानसशास्त्रज्ञ चिदेम कायितचिबाशे यांनी १९७५ मध्ये आईबापांना विचारलं, मुलं कशासाठी हवीत? तेव्हा म्हातारपणाच्या आधाराला मोठं वजन होतं. २००३ मध्ये तोच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा ते बरंच उतरलं होतं, पण जिव्हाळ्याची ओढ कायम होती. पैशाची गरज सुटली, माया सुटली नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. तुर्की भाषेत आमजा, दायी, हाला, तेयझे असे चार वेगळे शब्द आहेत. ते आपल्याला नव्यानं शिकायला नकोत : काका, मामा, आत्या, मावशी. बाजारात अनोळखी बाईलाही 'तेयझे' म्हणायची रीत आपल्या 'मावशी'सारखीच.

कायदा मधूनमधून हलत राहिला. नोकरीसाठी नवऱ्याच्या परवानगीचं कलम घटनात्मक न्यायालयानं १९९० मध्ये रद्द केलं. १ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनं कुटुंबप्रमुख हे पदच काढून टाकलं. बायकांवरच्या हिंसेविरुद्धचा इस्तंबूल करार २०११ मध्ये याच शहरात झाला आणि २०२१ मध्ये तुर्कस्तान त्यातून बाहेर पडला. दर बाईमागे मुलांचं प्रमाण २००१ मध्ये २.३८ होतं, ते २०२३ मध्ये १.५१ वर आलं. सरकारनं २०२५ हे 'कुटुंब वर्ष' जाहीर केलं.

आणि २०१७ पासून मुफ्तींनाही, म्हणजे सरकारी धर्मखात्याच्या अधिकाऱ्यांनाही, सरकारी निकाह लावण्याचा अधिकार आहे. विरोधकांनी रस्त्यावर उतरून निषेध केला. मुफ्तीपुढे झालेल्या लग्नालाही नियम मात्र दिवाणी संहितेचेच लागतात, आणि इमाम निकाह हवा असेल तर तो वेगळा करावा लागतो.