रेस दिली की इंजिन बसतंय? दुकानात आणण्याआधी हे वाचा

"भाऊ, इंजन तं सुरू होते, हळू चालते बी मस्त, पण रेस देल्ली का बसते जी."

पोळा झाला की आमच्या पवनीच्या दुकानात हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. मिरगापासून कोपऱ्यात पडलेलं इंजिन बाहेर निघतं, डोंग्याला (होडीला) लागतं आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात मधोमध गेलं की दम तोडतं. मग पिकअप भाड्याने करून ते आमच्याकडे येतं. यातली बरीच इंजिनं आणायची गरजच नसते. तुमचं भाडं वाचावं म्हणून हे पत्रक छापलं आहे. आमचा धंदा यात थोडा बुडतो, पण चालेल.

आधी कान द्या. पूर्ण रेस दिल्यावर आवाज खाली बसतो की वर चढतो? डोंगा दोन्ही वेळा पळत नाही, पण रोग वेगळे आहेत. आवाज बसत असेल तर इंजिनाला पेट्रोल, ठिणगी नाहीतर थंड पाणी कमी पडतंय. इंजिन किंचाळतंय आणि डोंगा जागच्या जागी, असं असेल तर इंजिन बहुधा ठणठणीत आहे, खोट पाण्यात फिरून डोंगा ढकलणाऱ्या पंख्याकडे (प्रोपेलर) आहे.

आवाज बसतो तेव्हा

बहुतेक जण आल्या आल्या म्हणतात, "कार्बोरेटर साफ करून द्या." कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा. पूर्ण रेसमध्ये इंजिन हळू चालण्यापेक्षा कितीतरी पट जास्त पेट्रोल ओढतं. अर्धवट तुंबलेली नळी हळू चालायला पुरते, पळायला पुरत नाही. म्हणून तपासणी टाकीपासून सुरू करा.

टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल ओढलं जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि काही मिनिटांत पुरवठा आटतो. एक गिऱ्हाईक दूरच्या गावाहून इंजिन घेऊन आले होते. आम्ही तो स्क्रू दोन आटे फिरवला, काम संपलं. त्यांनी चहा पाजला, आम्ही पैसे घेतले नाहीत.

स्क्रू उघडा असूनही फरक नसेल तर नळीवरचा रबरी फुगा बघा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. ही तपासणी दोघांनी मिळून करायची. एकाने दांडी धरून पूर्ण रेस द्यायची, दुसऱ्याने फुगा दाबत राहायचा. बिडी दोघांनीही विझवायची. दाबल्याबरोबर इंजिन उचलत असेल तर इंजिनावरचा पेट्रोल पंप थकलाय किंवा कुठेतरी हवा शिरतेय. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. दाबून दाबून कडकच होत नसेल तर क्लिपा आणि जोडणीचं रबर तपासा.

आमचीही एक चूक सांगून टाकतो. एका इंजिनाचा कार्बोरेटर आम्ही दोनदा साफ केला, दोनदा पैसे घेतले, आणि तिसऱ्यांदा तेच रडगाणं. शेवटी नळी कापून पाहिली. आतला पातळ थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू चालताना बाजूला राहायचा, जोरात ओढ लागली की नळी बंद. पैसे परत केले. तेव्हापासून जुनी नळी दिसली की आधी ती बदलून पाहतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर बसला तर वरचं पेट्रोलही वापरू नका, सगळं बदला. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल तर घालूच नका.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल, तेही पाण्यातल्या इंजिनाचं, टीसीडब्ल्यू-३. "थोडं जास्त टाकलं तर काय होते?" प्लग काळे होतात, हे होते. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचंच नाही.

दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर बंद करून, थंड झाल्यावर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक तपकिरी कोरडा आणि दुसरा ओला निघाला तर ओल्या बाजूला ठिणगी नाही. नवा प्लग लावून पाहा. तरीही तसंच राहिलं तर प्लगला वीज देणाऱ्या कॉइलची शंका. ते काम आमचं.

राहिलं पाणी. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि त्यावर इकॉर्निया (जलपर्णी) पोसतो. त्याची मुळं इंजिनाच्या पाणी ओढायच्या जाळीत भरतात. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन लगेच बंद करा. काही इंजिनं तापली की स्वतःच रेस कमी करतात, त्याला बिघाड समजू नका. आणि घरी अंगणात कोरडं सुरू करून पाहू नका, आतला पाणी ओढणारा रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, बघता बघता जळतो.

आवाज चढतो तेव्हा

पंख्याच्या मधल्या रबरी बुशाची पकड सुटली की दांडा फिरतो, पाती मागे राहतात. आतल्या धातूच्या नळीपासून पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. एक चक्कर मारून या. रेघ तुटून सरकली असेल तर बुश गेला.

रेघ जागेवर असेल तर डोंग्याच्या मागच्या फळीची उंची मोजा. गावात बनवलेल्या पत्र्याच्या डोंग्यांची उंची एकसारखी नसते, आणि इंजिनं १५ इंची व २० इंची अशा दोन दांड्यांत सर्रास येतात. पंख्याच्या वर असलेली इंजिनाची आडवी पट्टी साधारण डोंग्याच्या तळाच्या पातळीत हवी. वर राहिली की पंखा हवा ओढतो.

पंखा काढलाच आहे तर मागे गुंडाळलेला तंगूस (जाळ्याचा नायलॉन दोरा) काढून टाका. तो सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधासारखं होतं. तसं दिसलं तर इंजिन वापरू नका, सरळ घेऊन या.

येताना नुसतं इंजिन आणू नका. टाकी, नळी, फुगा आणि तेच पेट्रोल सोबत आणा. आमच्या टाकीवर तुमचं इंजिन छान चालतं, आणि मग रोग सापडत नाही.