पुडीवर कर, पन्नीत खर्रा

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट, गुटखा, खाण्याचा तंबाखू यांना ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकायचे ठरवले. विदर्भातल्या पानठेल्यांवर खर्रा घोटणारे हात त्यामुळे काही थांबले नाहीत. सुपारीचे काप, तंबाखू आणि चुना पन्नीवर म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर घ्यायचा, घोटायचा, गाठ मारून द्यायचा. छापील किंमत नाही, बिल नाही. कर लागला तर आतल्या मालाला, तोही माल बिलाने आला असेल तर.

तंबाखूवरचा कर मुळात आरोग्यासाठी आलाच नव्हता. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, तिजोरीला पैसा हवा म्हणून इंग्रज सरकारने तंबाखूच्या पानावरच अबकारी बसवली. शेतकऱ्याच्या दारापर्यंत गेलेली ही वसुली १९७९ मध्ये थांबली आणि सगळा भार तयार मालावर आला. म्हणजे जिथे कारखाना, यंत्र आणि पाकीट, तिथे कर. हाताने घोटलेला खर्रा या हिशेबात बसत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के, आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के! आपली करचर्चा मात्र सिगारेटभोवतीच फिरते.

विडीची गोष्ट निराळी, आणि आपल्या भागासाठी अवघडही. गोंदिया-भंडाऱ्यात विडी वळणारे हात, गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता. मे महिन्याच्या उन्हात ७० पानांचा एकेक पुडा बांधून फडावर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायचा. कित्येक घरांचा पावसाळ्याआधीचा रोख पैसा तोच. १९६९ च्या कायद्याने या पानाचा व्यापार सरकारने हाती घेतला होता. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा स्वतःच लिलाव करू लागल्या. या रोजगाराकडे बोट दाखवून विडीला कायम सवलत मिळाली. वर्षाला २० लाखांपर्यंत हातविड्या करणाऱ्याला अबकारी माफ होती. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा विडीवर २८ टक्के लागले, पण सिगारेटसारखा उपकर नाही. आणि २०२५ च्या त्याच बैठकीत विडी १८ वर, तेंदूपत्ता १८ वरून ५ वर उतरला. विडीचा धूर फुफ्फुसाला काही सौम्य लागत नाही, पण मजुरीचे नाव पुढे केले की कर वाढवायला कोणी धजत नाही. त्या मजुरीत किती भर पडते, हे वळणाऱ्या बाईला विचारावे.

गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीवरही. बंदीच्या मालाचा कर कोण भरणार? तो चोरवाटेने येतो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या अभियानाने कराची वाट न पाहता गावागावांत दारू-तंबाखूविरुद्ध काम उभे केले.

ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. खेड्यात तिचे नावही फारसे निघत नाही. सोडू पाहणाऱ्यासाठी २ मिलिग्रॅम निकोटिनचे च्युइंगम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. पण त्यासाठी बहुधा मेडिकल गाठावे लागते, आणि खर्रा बसथांब्यावरच आहे.