सांधे जपायची साधनं
गुडघे, खुबा, बोटं यांच्या सांध्यातली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत, मऊ थर) झिजून जो संधिवात होतो (एक्स-रे बघून डॉक्टर 'गॅप कमी झालाय' म्हणतात तोच), त्यात रोजची कामं कमी दुखत व्हावीत म्हणून वापरायच्या या वस्तू. यांनी झीज काही भरून येत नाही, दुखऱ्या सांध्यावरचा भार तेवढा दुसरीकडे जातो.

सपाट रस्त्यावर चालताना सुद्धा गुडघ्यावर वजनाच्या साधारण 2 ते 3 पट भार येतो आणि जिन्यावर त्याहून जास्त, म्हणजे नौपाड्यातली बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग किंवा ठाणे स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्याला काठी लागतेच. पण तलावपाळीला फेरी मारणारे आजी-आजोबा बघा, बरेच जण काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. ती उलट्या हातात हवी, उजवा गुडघा दुखतोय तर डाव्या हातात. चपला घालून सरळ उभं राहायचं, हात खाली सोडायचा, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली की उंची बरोबर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं की लगेच बदलायचं, पावसाळ्यात प्लॅटफॉर्मच्या ओल्या लादीवर ते सरकतं.

घरात सगळ्यात आधी संडास बघावा. भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, वेस्टर्न असेल तर सीट उंच करायचं रिंग आणि भिंतीत पक्का ठोकलेला दांडा (टॉवेलचा रॉड धरून उठू नये, तो निघून हातात येतो). लोक आधी नी-कॅप आणतात, तिने ऊब आणि थोडा आधार मिळतो इतकंच.

बोटांचं दुखणं मात्र स्वयंपाकघरात कळतं. चिमटीत जेवढा जोर लावू त्याच्या 12 पटीपर्यंत भार अंगठ्याच्या बुडाशी येतो असं मोजलंय, म्हणून लोणच्याची घट्ट बरणी उघडायला रबराचा तुकडा नाहीतर ओपनर, जाड मुठीची सुरी, फिरवायच्या नळाऐवजी दांडीचा नळ आणि दोन कानांची कढई. भरलेला कुकर एका हाताने उचलायचाच नाही, ओट्यावरून सरकवायचा. विळीवर खाली बसून नारळ खवणं गुडघे आणि अंगठा दोघांनाही महागात पडतं, ओट्याला घट्ट बसणारी हँडलची खवणी त्यापेक्षा बरी. अंगठ्याला स्प्लिंट (सांधा हलू न देणारा आधार) लागतो कधी कधी, तो ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवणारे तज्ज्ञ) मापाचा करून घ्यावा.