सिंगापूर (नगरराज्य)

सिंगापूर : मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी, विषुववृत्ताच्या उत्तरेस सु. १३७ किमी. अंतरावर वसलेले नगरराज्य. क्षेत्रफळ सु. ७३५ चौ. किमी.; लोकसंख्या ६०.४ लाख (जून २०२४). एक मुख्य बेट आणि भोवती साठेक लहान बेटे. उत्तरेची जोहोर सामुद्रधुनी त्याला मलेशियापासून आणि दक्षिणेची सिंगापूर सामुद्रधुनी इंडोनेशियाच्या रिआउ बेटांपासून वेगळे करते. मलेशियाशी ते दोन मार्गांनी जोडलेले आहे : १९२४ मध्ये औपचारिकरीत्या खुला झालेला वुडलँड्सचा बांध आणि १९९८ मधील तुआसचा पूल.

येथे ग्रामीण भाग नाही, वेगळी राजधानीही नाही. घरे, कारखाने, विमानतळ, धरणे, लष्कराची सरावभूमी, कचरा आणि दफनभूमी या सगळ्यांची सोय एवढ्याच जमिनीत लावायची असते. परक्याला तऱ्हेवाईक वाटणारे येथील पुष्कळसे नियम या अडचणीतून निघालेले आहेत. १९९८ पासून दफनाला १५ वर्षांची मुदत आहे. त्यानंतर थडगे उकरून अवशेषांचे दहन करतात किंवा धर्माला दहन मान्य नसेल तर ते लहान जागेत पुन्हा पुरतात. जळण्याजोगा कचरा जाळून राख तराफ्यांनी सेमाकाऊ बेटावर नेतात. १९९९ मध्ये सुरू झालेली ही देशातील एकमेव कचराभूमी २०३५ च्या सुमारास भरेल, असा सरकारी अंदाज आहे. तोफखान्याला पल्ल्याइतकी मोकळी जागा नसल्याने सैन्य परदेशांत सराव करते. ‘अग्नी वॉरियर’ हा भारताबरोबरचा सराव नाशिकजवळच्या देवळालीच्या मैदानावर होतो.

भूवर्णन : बेट सखल आहे. सर्वांत उंच टेकडी बुकित तिमा सु. १६४ मी. असून ती ग्रॅनाइटची आहे. हवामान बारमाही उष्ण व दमट. तापमान बहुधा २४° ते ३३° से. यांच्या दरम्यान असते. डिसेंबर ते मार्च ईशान्य मोसमी वारे आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, पण आपल्याकडच्यासारखा कोरडा ऋतू नसतो. नैर्ऋत्येच्या काळात सुमात्राकडून पहाटे येणारी वादळी सर तास-दोन तासांत सखल रस्ते तुंबवते.

१९६० च्या सुमारास बेटाचे क्षेत्रफळ ५८१ चौ. किमी. होते. बाकीची जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली आहे. भरावाचे काम केवळ वाळू ओतून भागत नाही. तळाशी मऊ सागरी चिखलाचा जाड थर असतो. त्यावर नुसती वाळू टाकली, तर चिखलातले पाणी वर्षानुवर्षे सावकाश झिरपत राहते, जमीन कमी-जास्त खचते आणि इमारतींना तडे जातात. म्हणून कडेचा बांध घालण्याच्या जागी आधी चिखल उपसतात; आतल्या भागात उभ्या निचरापट्ट्या ठोकून वर वाळूचे जादा ओझे काही काळ ठेवतात, पाणी पिळून निघाले की ते ओझे काढून घेतात. चांगी विमानतळ (१९८१) आणि सात बेटे जोडून केलेले जुरोंग बेट अशाच जमिनीवर उभे आहे. जुरोंग बेटावर तेलशुद्धीकरण व रसायनांचे कारखाने आहेत.

पुढे वाळूच मिळेनाशी झाली. मलेशियाने १९९७ मध्ये आणि इंडोनेशियाने २००७ मध्ये तिची निर्यात थांबवली. तेव्हा तेकोंग बेटावर डच पद्धत स्वीकारण्यात आली. सु. १० किमी. लांबीचा बांध घालून आतील सु. ८०० हेक्टर जमीन समुद्रपातळीपेक्षा खालीच राखली आहे. वाळू कमी लागते, पण पावसाचे व झिरपणारे पाणी पंपांनी सतत बाहेर टाकावे लागते. म्हणजे एकदाचा खर्च वाचवून कायमची राखण पत्करलेली आहे.

पाणी : पाऊस भरपूर, साठवायला जागा नाही, असा हा पेच आहे. मलेशियातील जोहोर राज्याशी १९६२ मध्ये झालेल्या करारानुसार २०६१ पर्यंत रोज २५ कोटी गॅलन (सु. ११४ कोटी लि.) कच्चे पाणी घेता येते, दर हजार गॅलनला ३ सेन (मलेशियन रिंगिटचा शंभरावा भाग). त्यातलेच काही पाणी शुद्ध करून हजार गॅलनला ५० सेन दराने जोहोरला परत विकले जाते. हा दर दोन्ही देशांतील जुना वादविषय आहे. १९६१ चा दुसरा करार २०११ मध्ये संपला आणि सिंगापूरने तो वाढवून घेतला नाही.

तसे करता आले, कारण तोवर अन्य स्रोत उभे राहिले होते. बेटाच्या सु. दोन-तृतीयांश भूभागावरचा पाऊस गटारांत नव्हे, तर वेगळ्या नाल्यांतून १७ जलाशयांत जातो. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या मरिना बॅरेज या बंधाऱ्याने भर शहरातली खाडी गोड्या पाण्याचा जलाशय बनवली. २००३ पासून सांडपाण्याचे ‘न्यूवॉटर’ केले जाते. नेहमीची प्रक्रिया झालेले सांडपाणी प्रथम सूक्ष्म गाळणीतून जाते, मग व्युत्क्रमी परासरणाच्या (आरओ) पडद्यांतून आणि शेवटी अतिनील किरणांखालून. हे पाणी इतके निःक्षार असते, की त्याचा मोठा वाटा संगणकीय चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातो. कोरड्या काळात ते जलाशयांत मिसळून पिण्यासाठीही वापरतात. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पहिला मोठा कारखाना तुआस येथे २००५ मध्ये सुरू झाला. या स्रोताला वीज सर्वांत जास्त लागते, आणि सिंगापूरची सु. ९५ टक्के वीज आयात नैसर्गिक वायूवर तयार होते. पाण्याचे परावलंबन थोडेफार इंधनाच्या परावलंबनात बदलले, असे म्हणावे लागते.

इतिहास : चौदाव्या शतकात येथे तेमासेक नावाचे व्यापारी ठाणे होते. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टॅम्फर्ड रॅफल्सने जोहोरच्या सुलतानाशी तह करून वखार घातली आणि बंदर जकातमुक्त ठेवले. १८६७ पर्यंत कारभार हिंदुस्थानातून चाले. १८२५ ते १८७३ या काळात हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी येथील रस्ते आणि अनेक सरकारी इमारती बांधल्या. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलचा आतला गिलावा ‘मद्रास चुनम’ म्हणतात तो आहे : शिंपल्यांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक, साखर आणि नारळाची सोडणे भिजवलेले पाणी.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली. आझाद हिंद सरकारची घोषणा सुभाषचंद्र बोस यांनी २१ ऑक्टोबर १९४३ रोजी येथेच केली. १९५९ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळाले, १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि वांशिक व राजकीय तणावांनंतर ९ ऑगस्ट १९६५ रोजी त्यातून बाहेर पडून स्वतंत्र झाले.

लोक : २०२० च्या जनगणनेनुसार नागरिक व कायम रहिवासी यांत चिनी ७४.३, मलाय १३.५ आणि भारतीय ९ टक्के होते. मलाय ही राष्ट्रभाषा आहे, राष्ट्रगीतही त्याच भाषेत आहे. चिनी (मँडरिन), तमिळ व इंग्रजी या अन्य अधिकृत भाषा. शिक्षण आणि कारभार इंग्रजीत चालतो. शाळेत ‘मातृभाषा’ म्हणून दुसरी भाषा घ्यावी लागते, पण ती कोणती हे सरकारी नोंदीतील वंशावरून ठरते. भारतीय मुलांना तमिळखेरीज हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती व उर्दू यांचा पर्याय आहे, मराठीचा नाही. येथील महाराष्ट्र मंडळ गणेशोत्सवासारखे सण साजरे करते, पण मराठी मुलाला मातृभाषेच्या तासाला या यादीतलीच भाषा घ्यावी लागते. जननदर २०२३ मध्ये स्त्रीमागे ०.९७ पर्यंत घसरला.

घरे : राज्यव्यवस्था समजून घ्यायची तर संसदेपेक्षा गृहनिर्माण मंडळापासून (एचडीबी, स्थापना १९६०) सुरुवात करणे सोयीचे. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमीन स्वस्तात घेता आली आणि आज बहुतांश जमीन त्याच्याच मालकीची आहे. दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार जण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि त्यांतले बहुतेक भाडेकरू नसून सदनिकाधारक आहेत, अर्थात ९९ वर्षांच्या पट्ट्याने.

नवे घर घेणारे जोडपे प्रथम मंडळाकडून पात्रतापत्र घेते. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाची मर्यादा २०१९ पासून १४,००० सिंगापूर डॉलर आहे. अविवाहितांना वयाच्या ३५ व्या वर्षापर्यंत थांबावे लागते. मग जाहीर झालेल्या प्रकल्पासाठी अर्ज, संगणकीय सोडत, क्रमांकानुसार सदनिकेची निवड आणि इमारत बांधून होईपर्यंत तीन-चार वर्षांची वाट. पैसा भविष्य निर्वाह निधीतून (सीपीएफ, १९५५) येतो. ५५ वर्षांपर्यंतच्या नोकरदाराच्या पगाराचे २० टक्के आणि मालकाचे वरचे १७ टक्के, असे ३७ टक्के दरमहा त्यात जमा होतात. कर्जाचे हप्ते त्यातूनच वळते करता येतात. ताबा मिळाल्यावर किमान पाच वर्षे, मोक्याच्या जागी दहा वर्षे, घर विकता येत नाही.

वांशिक वस्त्या वेगवेगळ्या होऊ नयेत म्हणून १९८९ पासून कमाल प्रमाण ठरवलेले आहे : चिनी रहिवासी वसाहतीत ८४ व इमारतीत ८७ टक्के, मलाय २२ व २५ टक्के, भारतीय व इतर १२ व १५ टक्के. चिनी मर्यादा भरलेल्या इमारतीत चिनी मालक कोणालाही घर विकू शकतो, पण भारतीय मालकाला चिनी गिऱ्हाईक चालत नाही. गिऱ्हाइके घटली, की विक्री लांबते आणि भावही पडतो. मिसळलेल्या वस्तीची किंमत अशी प्रामुख्याने अल्पसंख्याकांच्या खिशातून जाते.

दुसरी गाठ पट्ट्याची आहे. ९९ वर्षे संपली, की सदनिका भरपाईविना मंडळाकडे परत जाते. पट्टा जसा आखूड होतो तसे पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज आणि निधीची रक्कम कमी मिळते, म्हणून जुन्या घरांचे भाव मुदतीच्या बरेच आधी उतरू लागतात. म्हातारपणची पुंजी घरात अडकवलेल्या कुटुंबांना हे जाचते. सु. ७० वर्षे जुन्या वसाहती रहिवाशांच्या मताने परत घेण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर झाली.

शासन : एकगृही संसद, मतदान सक्तीचे. पीपल्स ॲक्शन पार्टी १९५९ पासून अखंड सत्तेवर आहे. ली कुआन यू (१९९० पर्यंत), गोह चोक तोंग, ली सिएन लूंग आणि मे २०२४ पासून लॉरेन्स वाँग असे चारच पंतप्रधान झाले. १९८८ पासून बहुतेक जागा गट-मतदारसंघांतून भरल्या जातात. पक्षाला चार-पाच उमेदवारांची तुकडी उभी करावी लागते, त्यात किमान एक अल्पसंख्याक हवा, आणि जिंकणारी तुकडी सगळ्या जागा घेते. हेतू प्रतिनिधित्वाचा सांगितला जातो. परिणाम असा, की लहान पक्षाला एकाच मतदारसंघासाठी चार-पाच लायक उमेदवार शोधावे लागतात. मे २०२५ च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांना ६५.५७ टक्के मते आणि ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या; त्यांपैकी पाच जागांवर लढतच झाली नाही.

राष्ट्राध्यक्ष १९९३ पासून थेट निवडला जातो. साठलेल्या गंगाजळीची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते : मागील सरकारांची शिल्लक त्याच्या संमतीविना काढता येत नाही. ती टेमासेक (१९७४) व जीआयसी (१९८१) या सरकारी कंपन्या आणि चलन प्राधिकरण (येथील मध्यवर्ती बँक) गुंतवतात, आणि अपेक्षित दीर्घकालीन वास्तव परताव्याच्या निम्म्यापर्यंतची रक्कम अर्थसंकल्पात घेता येते. म्हणूनच येथे कंपनीकर १७ टक्क्यांवर ठेवणे परवडते.

लाचलुचपत चौकशी विभाग १९५२ पासून आहे. २०२४ मध्ये माजी वाहतूक मंत्री एस. ईश्वरन यांना १२ महिन्यांची कैद झाली. विनाचौकशी स्थानबद्धता, अमली पदार्थांसाठी फाशी, फटक्यांची शिक्षा आणि सभा-निदर्शनांवर परवान्याचे बंधन ही याच शासनाची दुसरी बाजू.

अर्थव्यवस्था : पाया बंदराचा. २०२४ मध्ये ४.११ कोटी कंटेनर (वीस-फुटी एककांत) हाताळले गेले. शांघायखालोखाल हे जगात दुसरे. बहुतेक माल येथे उतरतो तो दुसऱ्या जहाजावर चढण्यासाठीच, त्यामुळे जहाज वेळेवर सुटणे हाच खरा धंदा आहे. येथील पीएसए ही कंपनी न्हावा शेवा बंदरातील एक कंटेनर टर्मिनलही चालवते. कारखानदारीचा वाटा स्थूल उत्पादनाच्या सु. पाचव्या भागाइतका आहे. चिप, रसायने, औषधे ही मुख्य उत्पादने.

चलन प्राधिकरण व्याजदर ठरवत नाही. आयात-निर्यात स्थूल उत्पादनाच्या सु. तिप्पट असल्याने महागाई बाहेरून येते. म्हणून १९८१ पासून व्यापारी भागीदारांच्या चलनसमूहाशी सिंगापूर डॉलरचा दर ठरावीक मर्यादांत ठेवून त्याचा चढ कमी-अधिक केला जातो. व्याजदर जगाबरोबर हलतात, आणि गृहकर्ज घेतलेल्यांना ते सोसावे लागतात.

मोटारीलाही जागेचाच नियम. १९९० पासून वाहन घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना (सीओई) लिलावात मिळवावा लागतो. लिलाव महिन्यातून दोनदा होतो. हरलेल्यांतील सर्वांत मोठ्या बोलीपेक्षा एक डॉलर जास्त, हाच भाव सगळ्या विजेत्यांना पडतो. २०१८ पासून मोटारींची एकूण संख्या गोठवली असल्याने नवे परवाने बहुतांशी जुन्या मोटारी मोडीत निघतील तेवढेच निघतात. दहा वर्षांपूर्वी विक्री कमी झाली असेल, तर आज परवाने कमी आणि भाव जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या मोटारींचा परवानाच १,५०,००१ डॉलरला गेला.

बांधकाम आणि जहाजदुरुस्तीची कामे मुख्यतः बांगलादेश, भारत व चीन येथून आलेले मजूर करतात. मालकाला प्रत्येकामागे मासिक शुल्क भरावे लागते आणि उद्योगागणिक त्यांची संख्या बांधलेली असते. सर्वांना लागू असे किमान वेतन नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडची साथ त्यांच्या दाटीच्या वसतिगृहांत पसरली, तेव्हा एका खोलीत किती जण कोंबले जातात हा प्रश्न उघडा पडला. २०२१ च्या नियमांनी नव्या वसतिगृहांत खोलीत जास्तीत जास्त १२ जण, माणशी किमान ४.२ चौ. मी. जागा आणि सहा जणांमागे एक शौचालय बंधनकारक केले. जुन्या वसतिगृहांना बदलासाठी बरीच लांबची मुदत मिळाली आहे.