हामानचे नाव आणि आठ मात्रा

ज्यू लोककथा हिप-हॉपमधून सांगणाऱ्या हौशी नाटकमंडळ्यांचे मूळ शोधत गेले, तर हिप-हॉप जिथे जन्मले त्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्याही आधी पूर्व युरोपातला लग्नमांडव लागतो. तिथे बाद्खन, म्हणजे लग्नातला शीघ्रकवी-विदूषक, असे. नवरीला खुर्चीवर बसवले की तो यिद्दिशमध्ये, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या बोलीत, जागच्या जागी यमके जुळवून तिला रडवायचा आणि नंतर वऱ्हाडाची टिंगल करायचा. दोन कडव्यांमधली जागा व्हायोलिनवाला भरून काढी. रॅपरचे काम याहून फारसे वेगळे नाही.

दुसरा धागा ज्यूंच्या पुरीम सणाचा. एस्तेर राणीची गोष्ट घरोघर सोंगे घेऊन पद्यात करत, ते पुरिम-श्पील. १६९७ची एक संहिता टिकून आहे. व्यावसायिक यिद्दिश रंगभूमी मात्र १८७६ची, रुमानियातल्या याश शहरात नाटककार गोल्डफाडेनने उभी केलेली. (साधारण त्याच सुमारास आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठी कीर्तनात लावू लागले होते. जिथे राहायचे तिथला साज उचलायचा, ही सवय जुनीच.)

११ ऑगस्ट १९७३ला डीजे कूल हर्कची ब्राँक्समधली ती पार्टी झाली. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा दोन टर्नटेबलांवर (तबकड्या वाजवण्याच्या यंत्रांवर) लांबवत नेण्याची त्याची युक्ती हिप-हॉपचा पाया ठरली. ज्यू लग्नाची आणि हिप-हॉपची, या दोन्ही परंपरा जाणीवपूर्वक जोडणारे ठळक काम २००३चे: माँट्रियलचा रॅपर सोकॉल्ड आणि व्हायोलिनवादक सोफी सॉलोमन यांचा, लग्नविधींभोवती गुंफलेला अल्बम.

हा सांधा जुळतो तो तालात. क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचे लग्नसंगीत, त्यातल्या बुल्गार नाचाचे वजन ३+३+२. आठ अर्धमात्रांत ठोके पडतात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या जागी. पहिला किकवर (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर) बसतो, सातवा स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर), चौथा मधल्या फटीत. त्या फटीमुळेच बीट डोलते. पण बुल्गार वाजवणारे अंगच्या सवयीने लय चढवतात आणि लूप, म्हणजे यंत्रावर फिरत राहणारा तालाचा तुकडा, हलत नाही, म्हणून क्लॅरिनेट पुढे पळते. वादकाच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, द्यावाच लागतो. सुरांचे दुखणे निराळे. फ्रेगिश ही स्वरपंक्ती म्हणजे आपल्या बसंत मुखारीचेच स्वर. तिच्या कोमल ऋषभाखाली शुद्ध ऋषभाचा सँपल, म्हणजे दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, आला की सगळेच बेसूर.

सगळ्यात जास्त फजिती हामानच्या, म्हणजे एस्तेरच्या गोष्टीतल्या दुष्ट वजिराच्या, नावाची. एस्तेरच्या ग्रंथात ते ५४ वेळा येते आणि दर वेळी प्रेक्षक ग्रागर, म्हणजे खुळखुळे, फिरवून ते बुडवतात. ट्रॅक तसाच चालू ठेवला तर पुढची ओळ गेली. म्हणून नावानंतर आठ मात्रा नुसता ड्रम ठेवतात. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत ही जागा पाच सेकंदांहून थोडी जास्त भरते. ५४ वेळा असे केले तर पावणेपाच मिनिटांहून अधिक वेळ निव्वळ गोंगाटात जातो. तेव्हा संहितेत नाव सात-आठदाच घ्यावे, एरवी 'तो वजीर' म्हणावे, आणि यमकाचा शब्द नावाच्या आधी उरकून घ्यावा.